नकाशा सॉफ्टवेअरच्या प्लगइनचे दोषनिवारण

नकाशा सॉफ्टवेअरच्या प्लगइनचे दोषनिवारण म्हणजे संगणकावर नकाशे तयार करणाऱ्या प्रणालीला जोडलेले पूरक साधन चालत नसेल, अर्धवट चालत असेल किंवा चुकीचे उत्तर देत असेल, तर त्याचे कारण पद्धतशीरपणे शोधून दूर करण्याची प्रक्रिया होय. भौगोलिक माहिती प्रणालीच्या (जीआयएस) मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसलेली सोय पुरवणाऱ्या छोट्या आज्ञावलीला क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत ‘प्लगइन’ आणि आर्कजीआयएस या व्यापारी प्रणालीत ‘अ‍ॅड-इन’ म्हणतात. महाराष्ट्रात शेती, पाणलोट, वने आणि नगररचना या क्षेत्रांत अशा साधनांचा वापर होतो. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हे त्याचे एक महत्त्वाचे उदाहरण आहे.

## पार्श्वभूमी

क्यूजीआयएसचा आरंभ गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये केला. त्या वेळी तिचे नाव ‘क्वांटम जीआयएस’ असे होते. तिची १.० ही आवृत्ती २००९ मध्ये, २.० ही २०१३ मध्ये आणि ३.० ही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ प्रणाली सी++ भाषेत लिहिलेली असली, तरी बहुसंख्य प्लगइन पायथन भाषेत लिहिली जातात. पायथन शिकलेला विद्यार्थीही स्वतःच्या कामापुरते प्लगइन तयार करू शकतो आणि ते प्रकल्पाच्या अधिकृत संग्रहात सर्वांसाठी ठेवू शकतो. यामुळे साधनांची संख्या वाढली, तशी त्यांच्या गुणवत्तेतील तफावतही वाढली. काही साधनांची देखभाल नियमित होते, तर काहींचे कर्ते दुसऱ्या कामाला लागतात आणि साधन जुन्या आवृत्तीवरच थांबते.

आर्कजीआयएसच्या आर्कमॅप या जुन्या प्रणालीत अ‍ॅड-इनची रचना २०१० मधील १०.० आवृत्तीपासून आली. आर्कमॅप ३२ बिटांची, तर तिच्या जागी आलेली आर्कजीआयएस प्रो ६४ बिटांची आहे. दोहोंची अंतर्गत रचना वेगळी असल्याने एकीचे अ‍ॅड-इन दुसरीत चालत नाही.

## वऱ्हाडातील उपयोग

पूर्णा नदीच्या गाळाच्या मैदानात अनेक गावांचे भूजल खारे आहे. तेथे विहीर किंवा कूपनलिका खोदून पिकाला गोडे पाणी मिळेल याची शाश्वती नसते. त्यामुळे पावसाचे पाणी शेततळ्यात किंवा नाल्यावर अडवणे हाच ओलिताचा मुख्य आधार ठरतो. किती पाऊस पडला, त्यातील किती पाणी वाहून गेले, किती जमिनीत मुरले आणि पिकाला किती कमी पडले, याचा गावनिहाय हिशेब येथे विशेष मोलाचा आहे.

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावांची निवड झाली. त्यांत पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या सुमारे ९३२ गावांचा समावेश होता. या प्रकल्पासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पाण्याचा ताळेबंद मांडणारे साधन क्यूजीआयएसच्या प्लगइनच्या रूपात विकसित केले. मातीचा पोत व खोली, जमिनीचा वापर, उतार, पिके आणि दैनंदिन पाऊस यांच्या आधारे ते अपधाव, मातीतील ओलावा, पिकाने वापरलेले पाणी व भूजल पुनर्भरण यांचा अंदाज काढते.

अशा साधनातील दोष संगणकापुरता मर्यादित राहत नाही. ताळेबंदात अपधाव प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसला, तर गावात गरजेपेक्षा अधिक शेततळी आखली जातील व ती कोरडी राहतील. तो कमी दिसला, तर अडवता आले असते ते पाणी वाहून जाईल. म्हणून दोषनिवारणाचा अभ्यास करताना साधन सुरू होते की नाही एवढेच पाहून भागत नाही. त्याचे उत्तर विश्वसनीय आहे की नाही, हेही तपासावे लागते.

## दोषांचे प्रकार

प्लगइनमधील अडचणींचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

* स्थापनेचे दोष – साधन संग्रहातून उतरत नाही, यादीत दिसत नाही किंवा सुरू होताच त्रुटीचा संदेश देते.
* चालनाचे दोष – साधन उघडते, परंतु काम करताना मध्येच थांबते किंवा संपूर्ण सॉफ्टवेअर बंद पाडते.
* मूक दोष – साधन कोणतीही तक्रार न करता उत्तर देते, परंतु ते उत्तर चुकीचे असते.

पहिल्या दोन वर्गांतील दोष स्वतःहून नजरेस येतात. तिसऱ्या वर्गातील दोष दिसत नाहीत आणि म्हणूनच ते सर्वांत घातक असतात.

## स्थापनेचे दोष

### आवृत्तीची विसंगती

प्रत्येक पायथन प्लगइनच्या फोल्डरमध्ये ‘मेटाडेटा’ नावाची एक साधी मजकूर फाइल असते. साधनाचे नाव, आवृत्ती, कर्ता आणि ते क्यूजीआयएसच्या किमान कोणत्या आवृत्तीवर चालते, याची नोंद तिच्यात केलेली असते. कमाल आवृत्तीची नोंद ऐच्छिक असते. ती नसल्यास साधन त्याच मुख्य मालिकेपुरते चालते असे मानले जाते. म्हणजे किमान आवृत्ती ३.० लिहिलेले साधन ३.९९ पर्यंत ग्राह्य ठरते, पण ४.० मध्ये आपोआप ग्राह्य ठरत नाही.

२.x मालिका पायथन २ व क्यूटी ४ वर, तर ३.x मालिका पायथन ३ व क्यूटी ५ वर उभी होती. या बदलामुळे २०१८ नंतर असंख्य जुनी साधने एकाएकी निरुपयोगी झाली. क्यूजीआयएस ४ साठी क्यूटी ६ चा पाया घेतला गेल्याने तसाच प्रश्न पुन्हा उद्भवतो. मेटाडेटा फाइलमधील आकडा बदलून साधन जबरदस्तीने चालू करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु आतील आज्ञा जुन्याच राहिल्याने दोष फक्त पुढे ढकलला जातो. साधनाची नवी आवृत्ती शोधणे किंवा जुने काम पूर्ण होईपर्यंत क्यूजीआयएसची जुनी आवृत्ती त्याच संगणकावर स्वतंत्रपणे ठेवणे, हे अधिक सुरक्षित मार्ग आहेत.

### संग्रहाशी संपर्क न होणे

महाविद्यालये व कार्यालये यांच्या जाळ्यात इंटरनेट अनेकदा ‘प्रॉक्सी’ मार्फत मिळते. संगणकावर संकेतस्थळे उघडत असूनही प्लगइनची यादी रिकामी दिसत असेल, तर सेटिंग्जमधील ऑप्शन्स या खिडकीच्या नेटवर्क विभागात प्रॉक्सीची नोंद तपासावी. मेळघाटासारख्या भागात जोडणी मंद किंवा खंडित असते. तेथे जाण्यापूर्वीच साधनाची झिप फाइल उतरवून सोबत न्यावी आणि प्लगइन व्यवस्थापकातील ‘इन्स्टॉल फ्रॉम झिप’ या पर्यायाने बसवावी. झिप उघडल्यावर फोल्डरच्या आत पुन्हा त्याच नावाचा फोल्डर निर्माण झाला असेल, तर साधन सापडत नाही. ही चूक वारंवार आढळते.

एखादे साधन संग्रहात असूनही यादीत दिसत नसेल, तर ते ‘प्रायोगिक’ वर्गात असण्याची शक्यता असते. व्यवस्थापकाच्या सेटिंग्जमध्ये प्रायोगिक साधने दाखवण्याचा पर्याय निवडल्यावर ते दिसते. प्रायोगिक या शब्दाचा अर्थ मात्र शब्दशः घ्यावा.

### आवश्यक ग्रंथालय नसणे

सुरू होतानाच ‘या नावाचे मॉड्यूल नाही’ अशा आशयाचा इंग्रजी संदेश आला, तर साधनाला लागणारे पायथनचे एखादे ग्रंथालय (लायब्ररी) संगणकावर नाही असे समजावे. विंडोजवर क्यूजीआयएस स्वतःचे वेगळे पायथन घेऊन येते. त्यामुळे संगणकावर आधीपासून असलेल्या दुसऱ्या पायथनमध्ये ग्रंथालय बसवून उपयोग होत नाही. क्यूजीआयएससोबत मिळणारी ‘ओएसजिओ४डब्ल्यू शेल’ ही खिडकी उघडून त्यातच ‘पिप’ या आज्ञेने ते बसवावे लागते.

## त्रुटीचा संदेश वाचणे

त्रुटी आल्यावर दिसणारा लांबलचक मजकूर पाहून नवशिके गोंधळतात. या मजकुराला ‘ट्रेसबॅक’ म्हणतात. आज्ञावली कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर गेली आणि कोठे अडखळली, याचा तो क्रमवार वृत्तान्त असतो. तो खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत त्रुटीचा प्रकार असतो. तिच्या वरच्या ओळींत फाइलचे नाव व ओळ क्रमांक असतो. फाइलच्या पत्त्यात प्लगइनचे नाव असेल, तर दोष त्या साधनाच्या वाटेत आहे हे कळते.

संदेशाची खिडकी बंद झाली, तरी ‘लॉग मेसेजेस’ या पटलात त्याची नोंद राहते. ‘व्ह्यू’ सूचीतील ‘पॅनेल्स’ मधून हे पटल उघडता येते. मदत मागताना केवळ ‘चालत नाही’ असे न लिहिता हा संपूर्ण मजकूर द्यावा.

## दोष वेगळा काढण्याची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हे दोषनिवारणाचे मूलतत्त्व आहे. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

1. काम जतन करून सॉफ्टवेअर बंद करावे व पुन्हा सुरू करावे.
2. ‘यूजर प्रोफाइल्स’ सूचीतून नवे, कोरे प्रोफाइल तयार करावे आणि त्यात केवळ संशयित साधन बसवावे. तेथे ते व्यवस्थित चालले, तर दोष जुन्या प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये किंवा दुसऱ्या प्लगइनशी झालेल्या संघर्षात आहे.
3. नव्या प्रोफाइलमध्येही ते बिघडले, तर साधनासोबत दिलेल्या नमुना माहितीवर ते चालवून पाहावे. नमुन्यावर चालले, तर दोष स्वतःच्या माहितीत आहे.
4. नमुन्यावरही बिघडले, तर आवृत्ती व ग्रंथालये तपासावीत.
5. सॉफ्टवेअर उघडतानाच बंद पडत असेल, तर ते ‘नोप्लगइन्स’ या पर्यायासह सुरू करावे. त्यात साधने न भरता मूळ प्रणाली उघडते व दोषी साधन काढून टाकता येते.

साधने ज्या फोल्डरमध्ये साठवली जातात, तो ‘ओपन अ‍ॅक्टिव्ह प्रोफाइल फोल्डर’ या आज्ञेने उघडतो; त्यातील पायथन फोल्डरच्या आत प्लगइन्सचा फोल्डर असतो. व्यवस्थापकातून न निघणारे साधन तेथून हाताने काढता येते.

## माहितीतील दोष

पुष्कळ वेळा साधन निर्दोष असते आणि दोष त्याला पुरवलेल्या माहितीत असतो. वऱ्हाडात काम करताना पुढील बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

### दोन पट्ट्यांतील जिल्हा

मीटरमध्ये अंतर व क्षेत्रफळ मोजण्यासाठी नकाशाचे थर बहुधा यूटीएम प्रक्षेपणात घेतले जातात. त्यात पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे पट्टे पाडलेले असतात. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा, तर ४४ वा ७८ ते ८४ अंशांचा आहे. अकोला जिल्हा ४३ व्या पट्ट्यात येतो. अमरावती शहरही त्याच पट्ट्यात आहे. मात्र ७८ अंशांचे रेखावृत्त अमरावती जिल्ह्यातून जात असल्याने वरूडसारखा पूर्वेकडील भाग ४४ व्या पट्ट्यात पडतो. १९ व्या शतकातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणात विल्यम लॅम्बटन यांनी ज्या बृहत् चापाची मोजणी आरंभली, तो याच रेखावृत्ताच्या आसपास होता.

एका थराला ४४ वा पट्टा लागू असताना त्यावर ४३ चा शिक्का बसवला, तर ते गाव नकाशावर सुमारे ६२० किलोमीटर पश्चिमेस सरकते. वरूड मग खंबातच्या आखाताच्या परिसरात दिसू लागते. अशा वेळी गावाची सीमा व पावसाची माहिती एकमेकांवर न पडल्याने प्लगइन ‘रिकामा परिणाम’ देते आणि दोष साधनाच्या माथी मारला जातो. संपूर्ण जिल्ह्याचे काम असल्यास सर्व थर एकाच पट्ट्यात रूपांतरित करावेत. येथे दोन आज्ञांतील भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. थराची संदर्भ प्रणाली ‘नेमून देणे’ म्हणजे केवळ नाव बदलणे. ‘रिप्रोजेक्ट’ करणे म्हणजे सहनिर्देशकांचे प्रत्यक्ष रूपांतर करणे.

अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल हीदेखील नित्याची चूक आहे. अकोला सुमारे २०.७ अंश उत्तर व ७७ अंश पूर्व येथे आहे. स्तंभ उलटे दिल्यास ते उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या परिसरात जाऊन पडते.

### अंश आणि मीटर

थर अंशांत असताना साधनाला ‘५००’ हे अंतर दिले, तर अनेक साधने त्याचा अर्थ ५०० मीटर असा न घेता ५०० अंश असा घेतात. अकोल्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर होतात. उंची मीटरमध्ये व आडवे अंतर अंशांत असलेल्या थरावरून उतार काढल्यास गाविलगडाचे डोंगर व पूर्णेचे सपाट मैदान दोन्ही जवळजवळ उभ्या कड्यासारखी दिसू शकतात. संदेश मात्र येत नाही.

### देवनागरी मजकूर

शेपफाइल ही प्रत्यक्षात अनेक फाइलींचा संच असते. त्यातील एखादी सुटली, तर थर उघडत नाही किंवा त्याची संदर्भ प्रणाली हरवते. गावांची नावे प्रश्नचिन्हांसारखी किंवा निरर्थक अक्षरांत दिसत असतील, तर थराच्या गुणधर्मांत संकेतन ‘यूटीएफ-८’ निवडून पाहावे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली नावे मात्र संकेतन बदलून सुधारत नाहीत. ती स्वतंत्रपणे रूपांतरित करावी लागतात.

शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला १० बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना-मात्रा वेगळी चिन्हे मोजली जात असल्याने ‘पर्जन्यमान’ हे नाव त्यात मावत नाही. ते तुटते आणि प्लगइनला तो स्तंभ सापडत नाही. स्तंभांची नावे लहान रोमन अक्षरांत ठेवणे किंवा जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरणे, हा त्यावर उपाय आहे.

### नावांवरून जोडणी

पावसाचा तक्ता गावाच्या किंवा मंडळाच्या नावावरून नकाशाला जोडणे धोक्याचे असते. ‘अकोट’ आणि ‘आकोट’, ‘मूर्तिजापूर’ आणि ‘मुर्तिजापूर’ ही माणसाला एकच वाटणारी नावे संगणकाला वेगळी असतात. उलटपक्षी, अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे व चांदूर बाजार हे दोन वेगळे तालुके आहेत. केवळ ‘चांदूर’ लिहिल्यास कोणते, हे ठरत नाही. जनगणनेचा किंवा शासनाचा संकेतांक वापरून जोडणी केल्यास ही अडचण राहत नाही.

### तारीख व अंक

‘०७/०६’ ही तारीख भारतीय पद्धतीने ७ जून, तर अमेरिकी पद्धतीने ६ जुलै होते. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. पेरणीच्या तोंडावर पडलेला पाऊस महिनाभर पुढे गेला, तर खरिपाचा संपूर्ण ताळेबंद बिघडतो, तरीही एकूण पावसाची बेरीज बरोबरच येते. बारा तारखेपर्यंतच्याच नोंदी अशा उलटतात व पुढच्या तारखा अमान्य ठरतात, हे या दोषाचे ओळखचिन्ह आहे. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिणे सर्वांत सुरक्षित असते. देवनागरी अंकांत भरलेला स्तंभ संख्या म्हणून न वाचता मजकूर म्हणून वाचला जाण्याची शक्यता असते. नोंद नसलेल्या ठिकाणी लिहिलेला ‘-९९९९’ हा संकेत सरासरीत मिसळला, तर पाऊस उणे येतो.

## आर्कजीआयएसमधील अ‍ॅड-इन

आर्कजीआयएस प्रोच्या ३.० आवृत्तीत (२०२२) मूळ पाया डॉटनेट ६ वर नेण्यात आला. त्यामुळे २.x साठी तयार केलेली अ‍ॅड-इन नव्याने संकलित केल्याशिवाय चालत नाहीत. हे काम साधनाच्या कर्त्यालाच करावे लागते. वापरणाऱ्याकडे त्यावर दुसरा उपाय नसतो. साधन बसवूनही दिसत नसेल, तर अ‍ॅड-इन व्यवस्थापकातील सुरक्षेचा पर्याय तपासावा. तेथे केवळ अंकीय स्वाक्षरी असलेली साधने स्वीकारण्याचे बंधन घातलेले असू शकते. आर्कमॅपमध्ये बटणे व पट्ट्या विस्कळीत झाल्यास ‘नॉर्मल’ नावाच्या साच्याच्या फाइलचे नाव बदलून प्रणाली पुन्हा सुरू करतात. मग नवा कोरा साचा आपोआप तयार होतो.

## लक्षणे आणि संभाव्य कारणे

| लक्षण | संभाव्य कारण | पहिली तपासणी |
|---|---|---|
| प्लगइनची यादी रिकामी | प्रॉक्सी किंवा जोडणी | नेटवर्क सेटिंग्ज |
| यादीत नाव लाल | साधन सुरू होताना त्रुटी | ट्रेसबॅकची शेवटची ओळ |
| ‘मॉड्यूल नाही’ | ग्रंथालय नसणे | ओएसजिओ४डब्ल्यू शेल |
| परिणाम रिकामा | थर एकमेकांवर न पडणे | संदर्भ प्रणाली, यूटीएम पट्टा |
| स्तंभ सापडत नाही | नाव तुटणे | शेपफाइलची १० बाइटांची मर्यादा |
| उत्तर अविश्वसनीय | एकक, तारीख किंवा रिक्त नोंद | एका गावाचा हिशेब हाताने करणे |

## परिणामांची पडताळणी

मूक दोष ओळखण्याची खात्रीची यांत्रिक पद्धत नाही. काही साध्या कसोट्या मात्र उपयोगी पडतात. ताळेबंदात अपधाव, पिकाचा वापर, पुनर्भरण आणि मातीत उरलेल्या ओलाव्यातील बदल यांची बेरीज पावसाइतकी यायला हवी. वाहून गेलेले पाणी पडलेल्या पावसापेक्षा जास्त असू शकत नाही. काळ्या भारी जमिनीत आणि डोंगरउतारावरील उथळ मुरमाड जमिनीत सारखेच उत्तर येत असेल, तर मातीचा थर वाचलाच गेला नाही असा संशय घ्यावा. एका गावाचा हिशेब कागदावर करून पाहणे आणि तो त्या गावच्या शेतकऱ्यांच्या अनुभवाशी ताडणे, ही कसोटी सर्वांत भरवशाची आहे. कोणत्या पावसात नाला वाहिला आणि विहिरीचे पाणी कधी खारे होते, हे त्यांना ठाऊक असते.

## सुरक्षितता आणि दोषाची नोंद

पायथन प्लगइनला वापरणाऱ्याच्या फाइली वाचण्याचे, बदलण्याचे व पुसण्याचे अधिकार मिळतात. म्हणून अनोळखी व्यक्तीकडून आलेली झिप फाइल बसवू नये आणि मूळ माहितीची प्रत वेगळी ठेवूनच नवे साधन चालवावे.

दोष साधनातच आहे अशी खात्री झाली, तर तो मेटाडेटात दिलेल्या पत्त्यावर कर्त्याला कळवावा. नोंदीत सॉफ्टवेअर व प्लगइन यांची आवृत्ती, संगणकाची प्रणाली, केलेल्या पायऱ्यांचा क्रम, अपेक्षित व प्रत्यक्ष परिणाम, संपूर्ण ट्रेसबॅक आणि शक्य असल्यास दोष दाखवणारा माहितीचा लहानसा नमुना असावा. शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक किंवा खातेविषयक तपशील त्या नमुन्यातून काढून टाकावेत. देवनागरी नावांमुळे उद्भवणारे दोष कर्त्याच्या संगणकावर बहुधा दिसत नाहीत. असे दोष मराठी वापरकर्त्यांनी कळवले, तरच ते दुरुस्त होण्याची शक्यता असते.